पाड्याची मंडळी आणि एकट्याची श्रद्धा

१७०८ सालच्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या श्वार्झेनाऊ गावाजवळ आठ माणसं एडर नदीत उतरली. पाच पुरुष, तीन बायका. लहानपणी सरकारमान्य चर्चमध्ये झालेला बाप्तिस्मा त्यांना खरा वाटत नव्हता आणि मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेणं हा त्या काळी गुन्हा होता. अलेक्झांडर माक हा त्यांचा पुढारी, धंद्यानं गिरणीवाला. माकला पाण्यात कोणी बुडवायचं हे त्यांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं. ज्याची चिठ्ठी निघाली त्याचं नाव बाहेर कुणाला सांगायचं नाही असंही ठरलं, कारण उद्या पंथाला त्या माणसाचं नाव चिकटायला नको होतं. ते नाव आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

त्या आठ जणांचा खरा वाद राजापेक्षा आपल्याच मित्रांशी होता. होखमान हा माकचा जवळचा आणि वडीलधारा सोबती. त्याच्यासारख्या भाविकांचं म्हणणं असं की चर्च म्हणजे दगडविटांचं आणि पगारी पुरोहितांचं दुकान. खरं चर्च अदृश्य असतं, ते मनात असतं, मग बाहेर मंडळी हवी कशाला? माकही त्याच वाटेवरून आला होता. पण तो एका ठिकाणी अडला. भावानं आपला अपराध केला तर आधी त्याला एकट्यात गाठ, ऐकलं नाही तर दोघांना सोबत ने, तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग, असं येशू मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सांगतो. मंडळीच नसेल तर सांगायचं कुणाला? पाय एकमेकांचे धुवा असं तो म्हणतो. खोलीत एकटा बसलेला भाविक कुणाचे पाय धुणार? माकचा निष्कर्ष असा की येशूच्या निम्म्या आज्ञा एकट्यानं पाळताच येत नाहीत.

या गिरणीवाल्याची गोष्ट पालघर जिल्ह्यातल्या डहाणूत का सांगावी? कारण डहाणूची जुनी प्रॉटेस्टंट मंडळी त्याच्याच घराण्यातली आहे. छळाला कंटाळून माकचे लोक पेनसिल्व्हेनियाला गेले, तिथे त्यांचं ‘चर्च ऑफ द ब्रदरेन’ झालं. १८९४ साली विल्बर स्टोव्हर, त्यांच्या पत्नी मेरी आणि बर्था रायन हे त्यांचे पहिले मिशनरी मुंबईत उतरले आणि बलसाडला, म्हणजे आजच्या वलसाडला, बिऱ्हाड करून राहिले. पाठोपाठ छप्पन्याचा दुष्काळ पडला. विक्रम संवत १९५६ म्हणून छप्पन्या. इंग्रजी हिशेबानं १८९९-१९००. मिशनऱ्यांच्या अंगणात अनाथ मुलं जमली आणि धर्मप्रचाराला आलेल्या माणसांना आधी स्वयंपाकघर चालवावं लागलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अॅडम आणि अॅलिस एबी हे दांपत्य डहाणू रोडला आलं. पुढे डॉ. बार्बरा निकी यांच्यासारख्या डॉक्टरणी आल्या आणि मिशनचा दवाखाना नावारूपाला आला. वारली बाई बाळंतपणाला दवाखान्यात येते हीच त्या काळी बातमी होती.

एकट्यानं देव मानणं पुरेसं आहे का, या माकच्या प्रश्नाचा डहाणू-तलासरीत आज काय जबाब मिळतो, हे इथे तपासायचं आहे. मुंबई-पुण्यात हा प्रश्न निराळ्या थाटात विचारला जातो. शिकलेला, नोकरीतला ख्रिस्ती तरुण म्हणतो, मी घरी बायबल वाचतो, मोबाईलवर उपदेश ऐकतो, रविवारी दीड तास बाकावर बसून कमिटीचं राजकारण बघण्यापेक्षा हे बरं नाही का? त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पण त्या तरुणाला सोसायटी आहे, ऑफिस आहे, विमा आहे, नातेवाइकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. मंडळी सोडल्यानं त्याचं फारसं काही अडत नाही.

पाड्यावर तसं नाही. वारली माणसाचं जगणं पाड्यानं बांधलेलं असतं. लग्नात सवासिणी चौक लिहितात, त्यात पालघट देवी बसते, धवलेरी गाणी म्हणत लग्न लावते. नवं धान्य आलं की कणसरीची आठवण होते. आजार आला की भगत येतो, दाणे टाकून बघतो, कोंबडं सांगतो. हिरवा, हिमाय, नारायणदेव, वाघ्या ही दैवतं आकाशातली नाहीत. शेत, पाऊस, बाळंतपण नि मरण यांच्या वेळापत्रकात ती बसलेली आहेत. असा माणूस येशूच्या मागे जातो तेव्हा एक देव बदलण्यापेक्षा किती तरी जास्त घडतं. उद्या पोरीच्या लग्नात मांडव घालायला कोण येणार, आवणीला कोण येणार, मेल्यावर खड्डा कोण खणणार, हे सगळे हिशेब एका फटक्यात उघडे पडतात.

म्हणून मंडळीत यायचं ते कशासाठी, याला पाड्यावरचं पहिलं उत्तर धर्मशास्त्रातलं नसतं. ते मनुष्यबळाचं असतं. लग्नाचंच बघा. वारल्यांमध्ये जोडपं आधी एकत्र राहतं आणि लग्नाचा खर्च जमला की मग, कधी कधी पोरंबाळं झाल्यावर, रीतसर लग्न लागतं, हे कितीतरी अभ्यासकांनी नोंदवलं आहे. आता ते जोडपं मंडळीत येतं. पाळकसाहेब म्हणतात, आधी लग्न, मग बाप्तिस्मा. नियम बरोबर, पण लग्नाच्या जेवणाला पैसे नाहीत म्हणून तर लग्न राहिलेलं! शहाणी मंडळी अशा वेळी चार-पाच जोडप्यांची लग्नं एका दिवशी लावून देते आणि तांदूळ घरोघरी गोळा करते. अशा मंडळीत माणूस टिकतो. नुसता नियम सांगणारी मंडळी पुढच्या वर्षी नोंदवहीत नाव तेवढं राखून असते.

मरणाचा हिशेब याहून कठीण. २०२५ च्या जानेवारीत छत्तीसगडच्या बस्तरमधला एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. एका ख्रिस्ती पाळकाचं निधन झालं होतं. गावात त्यांना पुरू द्यायला गावकऱ्यांचा विरोध होता आणि प्रेत जवळजवळ तीन आठवडे शवागारात पडून होतं. दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. शेवटी गावापासून वीसेक किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत अंत्यविधी करायचा आदेश निघाला. पाड्यावरच्या विश्वासी माणसाला ‘मंडळी’ म्हणजे काय हे समजावायला यापेक्षा वेगळं पुस्तक लागत नाही. भर पावसात, खणलेल्या खड्ड्यात पाणी साचत असताना, बादलीनं ते उपसत उभे राहणारे सहा-आठ जण म्हणजे मंडळी. विश्वास मनात ठेवता येतो. प्रेत मनात ठेवता येत नाही.

इथे मिशनच्या गुणगानात एक गोष्ट झाकली जाते, ती सांगायला हवी. दवाखाना आला, शाळा आली, वसतिगृहं आली; तलासरीकडे कॅथलिक जेझुइट धर्मगुरूंनीही शाळा-वसतिगृहाचं मोठं काम केलं. पण जमीनदाराची वेठ ज्या दिवशी मोडली तो दिवस रविवार-उपासनेच्या खात्यात जमा नाही. २३ मे १९४५ रोजी तलासरी भागातल्या झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठबिगार करायची नाही असं ठरलं. त्यामागे किसान सभा होती, शामराव आणि गोदावरी परुळेकर होते. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्याचे साथीदार मेले. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हा सगळा काळ लिहून ठेवला आहे. वारल्यांना कमरेत ताठ उभं राहायला शिकवलं ते लाल बावट्यानं. ख्रिस्ती मंडळीनं आजाऱ्याला औषध दिलं, पण तो ज्याच्या शेतात राबून आजारी पडत होता त्या मालकाला जाब विचारायचं काम तिनं दुसऱ्यांवर सोडलं.

तिच्याच घरातल्या काहींना हे बोचलं. १९७८ साली डहाणू भागात कष्टकरी संघटना उभी राहिली. तिच्या संस्थापकांमध्ये पीटर डिमेलो हे जेझुइट होते, पुढे प्रदीप प्रभू म्हणून ओळखले गेले. जंगलजमीन, मजुरी, सावकारी या प्रश्नांवर संघटनेनं काम केलं. लाल बावट्याशी तिचे कडवे झगडेही झाले. धर्मगुरूचा झगा उतरवून माणूस चळवळीत गेला, याचा एक अर्थ असा लावता येतो की चर्च अपुरं पडलं. मला त्यात आणखी काही दिसतं. चर्च अपुरं पडलं म्हणून त्यांनी एकट्यानं गुहेत बसणं पसंत केलं नाही. त्यांनी दुसरा जमाव उभा केला, त्यात बैठका होत्या, वर्गण्या होत्या, शिस्त होती, एकमेकांची सुखदुःखं होती.

चर्चला रामराम करणाऱ्या मराठी माणसांचा इतिहास काढला की हेच पुन्हा पुन्हा हाती लागतं. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या सिस्टर मंडळींशी त्यांचे खटके उडाले. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या हाताखाली जायला त्या तयार नव्हत्या. कुठल्याही एका पंथाच्या कह्यात त्या पूर्णपणे कधीच गेल्या नाहीत. पण याच बाईंनी केडगावला मुक्ती मिशन वसवलं. तिथे दुष्काळातून आणलेल्या शेकडो बायामुली एकत्र राहायच्या, दळायच्या, छापखाना चालवायच्या, प्रार्थना करायच्या. रमाबाईंचं मराठी बायबलही त्याच छापखान्यातलं.

नारायण वामन टिळकांचं तर उदाहरण नमुनेदार आहे. १८९५ साली बाप्तिस्मा, मग अमेरिकन मराठी मिशनमध्ये अहमदनगरला जवळजवळ दोन तपं नोकरी, आणि १९१७ साली राजीनामा. कारण त्यांना वाटत होतं की मिशनच्या चौकटीत येशू परदेशी पोशाखात अडकून पडला आहे. साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला आणि त्याचं दार बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखंच उघडं ठेवलं. पगारी मिशन सोडलेल्या कवीनं एकांत पत्करला नाही, दरबार भरवला! १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले आणि दरबार फार पुढे गेला नाही. पण त्यांची भजनं ‘उपासना संगीत’मधून आजही डहाणूच्या मंडळीत टाळ-पेटीवर म्हटली जातात, म्हणजे चर्चच्या चौकटीबाहेर पडलेला माणूस दर रविवारी चर्चमध्ये हजर असतो. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त या घराचा जो पसारा सांगितला आहे, येणारे-जाणारे, सांभाळलेली पोरं, पंक्तीला बसलेले अनाहूत, तो वाचला की टिळकांना मंडळी नको होती असं म्हणणं अवघडच होतं.

गुजरातेतल्या मणिलाल पारेखांची हरकत याहून मुळावर घाव घालणारी. बाप्तिस्मा घेऊनही ते स्वतःला येशूचे हिंदू शिष्य म्हणवत. भारतात चर्च हा आध्यात्मिक समूह राहिला नाही, तो जनगणनेतला एक समाज, नवी जात होऊन बसला आहे, अशी त्यांची तक्रार. हर्बर्ट होफर यांनी १९९१ साली तमिळनाडूचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बाप्तिस्मा न घेता, चर्चचं सभासदत्व न घेता येशूची भक्ती करणारी मोठी संख्या समोर आली. चर्चमध्ये गेलो तर घर तुटेल, ही त्यातल्या बहुतेकांची अडचण. पारेखांच्या हरकतीला माझ्याजवळ पुरं उत्तर नाही. नाव न नोंदवता येशूची भक्ती करणं ही डहाणू-तलासरीत रोजची गोष्ट आहे. पाड्यावरच्या प्रार्थनेला चटईवर बसणाऱ्यांत अशी माणसं असतातच, ज्यांचं नाव कुठल्याही वहीत नाही. घरच्यांनी जीवघेणी भांडणं काढू नयेत म्हणून ती मागल्या बाजूला बसतात. टिळकांचा दरबार साताऱ्यात मोडला असेल, तलासरीत तो नाव न घेता भरतो.

नाव न लिहिण्यामागे आता आणखी एक भीती आली आहे. धर्मांतरित आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून काढा, ही मागणी गेल्या काही वर्षांत मेळावे भरवून केली जाते. कायद्याची सध्याची स्थिती स्पष्ट आहे. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे, जमातींच्या आदेशात नाही. वारली माणूस ख्रिस्ती झाला तरी वारलीच राहतो आणि त्याचा दाखला कायम असतो. पण कायदा काय म्हणतो आणि तलाठी-ग्रामसेवकाच्या टेबलापाशी काय कानावर येतं, यात अंतर असतं. १९९८ च्या नाताळात शेजारच्या डांगमध्ये प्रार्थनाघरं जाळली गेली, ती आठवण या पट्ट्यात अजून पुसलेली नाही. अशा वेळी पाळकानं ‘उघडपणे सभासद व्हा’ म्हणून घोशा लावणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. किंमत सभासद मोजणार असतो. मंडळी त्याच्या पाठीशी वकिलापर्यंत जाणार असेल तरच तिनं सही मागावी.

मंडळ्या मात्र वकिलाकडे जास्त वेळा गेल्या त्या आपापसांत भांडायला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झालं, त्यात ब्रदरेनही होते. कल्पना उदात्त होती. बालबाप्तिस्मा आणि प्रौढ बाप्तिस्मा दोन्ही मानायचे, बिशप आणि मंडळी दोघांना जागा ठेवायची. काही वर्षांत ब्रदरेनमधले काही जण बाहेर पडले आणि चर्च, शाळा, जमिनी कुणाच्या यावरून पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे दावे लागले. गुजरातच्या ब्रदरेन मंडळीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली सांगितलं की नुसत्या ठरावानं विलीनीकरण होत नाही. सोसायटी आणि सार्वजनिक विश्वस्त कायद्यांनी घालून दिलेली रीत पाळली पाहिजे. कायद्याच्या दृष्टीनं मुद्दा चोख. पण मत्तयाचा अठरावा अध्याय पाळायला मंडळी हवी म्हणून जो पंथ जन्मला, त्याचे वारस भावाचा अपराध थेट दिल्लीला सांगायला गेले, याची खंत दोन्ही बाजूंच्या जुन्या सभासदांना आहे. शहरातला तो तरुण चर्चपासून दूर राहण्याचं कारण म्हणून हे खटले पुढे करतो, तेव्हा त्याला उत्तर देताना पाळकाची मान खाली जाते. जायलाच हवी.

कॅथलिक बाजूचं चित्र वेगळं. २२ मे १९९८ रोजी वसई धर्मप्रांत स्वतंत्र झाला आणि आजच्या पालघर जिल्ह्याच्या दक्षिण-उत्तर दोन्ही टोकांची जबाबदारी त्याच्याकडे आली. दक्षिणेला वसईतले जुने, पोर्तुगीज काळापासूनचे धर्मग्राम. चर्च, शाळा, पतपेढी, बँड, सण सगळं एका अंगणात. तिथल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुवार्ता’ मासिक चालवलं, हरित वसईचा लढा उभारला आणि २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. वसईत ‘चर्चला का जायचं?’ असा प्रश्न पडायला माणसाला जरा विचार करावा लागतो, कारण चर्च म्हणजे गावच. तलासरीत चर्च हे गाव नव्हे. ते चार पाड्यांतल्या विखुरलेल्या घरांना शिवणारं सूत आहे. फादर एका पाड्यावर मिस्साला पोचतात ते पाळीनं. मधल्या काळात मंडळी सांभाळतो तो धर्मशिक्षक, बहुतेकदा स्थानिक वारली किंवा कोकणा, वारली बोलीत बोलणारा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ साली चर्चचं वर्णन ‘देवाची प्रजा’ असं केलं आणि पुढे आशियाभर लहान ख्रिस्ती समूहांचा विचार रुजला: दहा-पंधरा घरांनी जमायचं, बायबलचा उतारा वाचायचा, शेजारच्या घरातलं दुखणं विचारायचं. वसई-मुंबईत हे समूह मुद्दाम उभे करावे लागतात. पाड्यावर ते आधीच असतात.

तिसरा प्रवाह स्वतंत्र प्रार्थनासभांचा. पत्र्याची शेड, प्लास्टिकच्या खुर्च्या, ढोलकी, कीबोर्ड आणि पास्टर. जुन्या मंडळ्या यांच्याकडे नाक मुरडून बघतात. पण तिथे बाया का जातात हे विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा नवऱ्याच्या बाटलीपाशी येतं. ताडी-दारू सुटली, घरात मार बंद झाला, मजुरी घरी येऊ लागली. दारू सोडणाऱ्याला एकट्यानं निभावत नाही, त्याला रोज संध्याकाळी विचारणारं कुणी लागतं, आणि हे लोक रोज संध्याकाळी विचारतात. त्यांची कमजोरी दुसरीकडे आहे. सगळं पास्टरभोवती फिरतं. हिशेब कुणाला दाखवायचा, पास्टर चुकला तर कुणाकडे जायचं, हे ठरलेलं नसतं. पास्टर गाव सोडून गेला की शेड रिकामी. शिवाय ‘प्रार्थना कर, औषध नको’ असं सांगणारे काही जण भेटतात, तेव्हा शंभर वर्षांपूर्वी बाळंतिणीला दवाखान्यापर्यंत आणायला खपलेल्या माणसांची मेहनत पाण्यात जाते.

रविवारच्या हजेरीचा हट्ट धरणाऱ्यांनी या भागाचं कॅलेंडर बघावं. दिवाळी झाली की पाड्यावरची धडधाकट माणसं निघतात: वीटभट्टीवर, बांधकामावर, चिकूच्या वाड्यांत, वापी-उंबरगावच्या कारखान्यांत. कित्येक जण खलाशी म्हणून गुजरातच्या होड्यांवर जातात. त्यातले काही समुद्रातली सरहद्द ओलांडली म्हणून पकडले जातात आणि कराचीच्या तुरुंगात वर्षं काढतात. नाताळ येतो डिसेंबरात, म्हणजे नेमका निम्मी मंडळी भट्टीवर असताना. चर्चवर कंदील लागतो, गव्हाणी सजते, आणि बाकांवर म्हातारी माणसं, शाळेतली पोरं. हजेरीच मोजायची तर ही मंडळी दरसाल नाताळात नापास होते. पण कराचीत अडकलेल्या खलाशाची बायको अर्ज घेऊन तहसील कचेरीत जाते तेव्हा सोबत कोण जातं, मराठी-इंग्रजीत लिहून कोण देतं, तिच्या पोराची फी कोण भरतं, हे मोजलं तर निकाल वेगळा लागतो. काही मंडळ्या यात उत्तीर्ण होतात, काहींना तिचं घर कुठे ते ठाऊक नसतं.

कोरोनाच्या काळात सगळ्यांचीच परीक्षा झाली. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं मार्च २०२० मध्ये बंद झाली, नोव्हेंबरात उघडली, पुन्हा मिटली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. शहरात उपासना मोबाईलवर आली. पाड्यावर रेंजसाठी टेकडी चढावी लागते, तिथे ऑनलाइन प्रभुभोजन हा विनोदच. उलट तिथे घरच्या घरी, ओट्यावर, पाच-सहा जणांत प्रार्थना सुरू झाली, आणि बायका पुढे झाल्या, कारण पाळक येऊच शकत नव्हते. त्याआधी नोव्हेंबर २०१८ पासून याच भागात धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के सुरू झाले होते. १ फेब्रुवारी २०१९ ला तर ४.१ तीव्रतेचा. थंडीत माणसं घराबाहेर, तंबूत, ताडपत्रीखाली झोपत होती. त्या रात्री कोण ख्रिस्ती, कोण भगताचा, कोण लाल बावट्याचा, हे कुणी विचारलं नसणार. एक बाब मात्र मला महत्त्वाची वाटते: अशा प्रसंगी ज्या समूहाला दर आठवड्याला जमायची सवय असते त्याला माणसं मोजता येतात. कोण आलं नाही, कुठल्या घरातली म्हातारी अजून आत आहे, हे त्यांना लगेच उमगतं. रविवारच्या कंटाळवाण्या हजेरीचा हा उपयोग उपदेशातून कुणी सांगत नाही.

ब्रदरेनांनी या भागात आणलेली एक रीत आहे, प्रीतिभोजन. प्रभुभोजनाच्या आधी एकमेकांचे पाय धुवायचे आणि एकत्र जेवायचं. पुरुष पुरुषांचे, बाया बायांचे. घमेल्यात पाणी, खांद्यावर पंचा. शेजारी बसलेल्याचे पाय आपण धुवायचे, मग त्यानं पुढच्याचे. भातशेतीतल्या चिखलानं टाचांना भेगा पडलेल्या, नखं काळी झालेली. आपले पाय दुसऱ्याच्या हातात द्यायला धुणाऱ्यापेक्षा धुवून घेणाऱ्याला जड जातं, हे तिथे बसल्यावरच कळतं. आणि बाकावर शेजारी नेमका तोच आला, ज्याच्याशी बांधावरून दोन पावसाळे बोलणं बंद आहे, तर? उठून जागा बदलली तर सगळ्यांना दिसतं. बसून राहिलं तर पाय धुवावे लागतात. चौथ्या शतकात केसरियाच्या बेसिलनं एकांतवासी साधूंना हाच प्रश्न घातला होता: एकटे राहता, तर धुणार कुणाचे पाय? मोबाईलवर उपदेश ऐकणाऱ्या तरुणाला मी दुसरं काही सांगणार नाही. उपदेश त्याला माझ्या मंडळीतल्यापेक्षा चांगला ऐकायला मिळतो, हे मान्य. पण ज्याच्याशी पटत नाही त्याच्या शेजारी बसवणारी जागा त्याच्या फोनमध्ये नाही.

अशी शेजारची जागा मंडळीच्या कारभारात मात्र भट्टीवर गेलेल्यांना मिळत नाही. बहुतेक मंडळ्यांमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभा मार्च-एप्रिलच्या सुमारास होते, हिशेबाचं वर्ष संपतं म्हणून. त्या वेळी वीटभट्ट्या जोरात असतात. पंच निवडतात ते गावात राहणारे: शिक्षक, दवाखान्यातले, पेन्शनवाले. भट्टीवरच्याची वर्गणी थकलेली, त्यामुळे त्याला मताचा अधिकारही नसतो. मग चर्चच्या छपराला पैसे निघतात आणि पाड्यावरच्या दफनभूमीच्या कुंपणाला निघत नाहीत, यात नवल काय? हिशेबाची तपासणी मार्चअखेर होऊ द्या. निवडणूक आणि ठराव मात्र आवणी आटोपल्यावर, ऑगस्टच्या शेवटी घ्या. त्या वेळी माणसं घरी असतात. वर्गणी पैशांत नसेल तर भातात घ्या, कापणीच्या सणाला वसूल करा, आणि नोंदवहीत नाव नसलेल्या, चटईवर मागे बसणाऱ्यांनाही सभेत बोलू द्या, मत नसलं तरी.